ऊन सगळ्यांचं, छप्पर कुणाच्या नावावर?

गेल्या हिवाळ्यात जत तालुक्यातल्या एका विहारात आम्ही बैठक घेतली. विषय होता घरावर सोलर बसवण्याच्या सरकारी योजना. वीस-बावीस माणसं जमली होती. माहिती सांगून झाली तसा एक तरुण कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "ताई, हे बंगलेवाल्यांचं काम आहे. इथं पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, गायरानाचा प्रश्न तसाच पडून आहे, आणि तुम्ही पॅनेलचं काय घेऊन बसलाय?"

मला त्याचा राग आला नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. म्हणूनच त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं असं वाटलं.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. गावात वीज आली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती बौद्धवाड्यात आली, आणि आली तीही लाईनच्या शेपटाला. मी दहावीला असताना संध्याकाळी गावातल्या पिठाच्या गिरण्या सुरू झाल्या की आमच्या बल्बची तार नुसती लाल दिसायची. उजेड पडायचाच नाही. त्यातही आईचं एक वाक्य ठरलेलं, "बटण बंद कर गं, बिल काय तुझा मामा भरणार हाय?" पुढं कोल्हापूरला समाजशास्त्रात एमए करताना विषमतेच्या सिद्धांतांवर पानंच्या पानं लिहिली. पण विषमता म्हटलं की मला आधी तो लाल बल्ब आठवायचा.

विजेचा प्रश्न चळवळीच्या बाहेरचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाबासाहेबांचा 1942 ते 1946 हा काळ पुन्हा बघावा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर मंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर 1943 मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरण नसेल तर शेतीवर दाटलेल्या माणसांची सुटका नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वीज कुणी तयार करायची, सरकारने की खासगी भांडवलाने, हा प्रश्नही त्यांनी तिथे टाळला नाही. पुढे 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मागणी मांडली.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बाबासाहेबांना वीज सार्वजनिक हवी होती. मग घराघरावर पॅनेल लावून आपण सरकारला जबाबदारीतून मोकळं करत नाही का? मी यावर बराच विचार केला. सार्वजनिक विजेचा आपला अनुभव काय आहे? पाटण तालुक्यात कोयना प्रकल्प उभा राहिला. 1,960 मेगावॉट क्षमतेचा. त्याच्या विजेवर राज्यातले कारखाने चालले, पण धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न कित्येक दशकं रेंगाळले. नंतर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. पठारावरच्या माणसाला पाती फिरताना दिसली, मालकी दिसली नाही. आपल्या डोक्यावरून तारा गेल्या, आपल्या हातात मात्र फक्त बिल आलं. घरावरच्या पॅनेलचं वेगळेपण इथे आहे. वीज तयार करणाऱ्या साधनाची मालकी, लहान का होईना, पहिल्यांदा आपल्याकडे येते.

आणि ऊन तर आपल्याकडे आहेच. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. या उन्हानेच आपल्या आज्या-पणज्यांना मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत नेलं, ऊसतोडीला नेलं. ज्या उन्हाने माणसं गाव सोडून गेली, तेच ऊन आता छपरावर उत्पन्न देऊ शकतं.

म्हणून 2024 मध्ये मी आणि दादाने ठरवलं, आईच्या घरावर एक किलोवॅट बसवायचा. अर्ज भरायला बसले आणि सुरुवातीलाच अडकले. वीजबिल वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन दहा वर्षं झालेली. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढला, तर घर अजून आजोबांच्याच नावावर. वारसनोंद करायची म्हणजे चुलते आणि दोन आत्या यांच्या सह्या हव्यात. थोरल्या आत्याकडे कागद घेऊन गेले. तिने चहा दिला, चष्मा लावला आणि विचारलं, "सही करते बाई. पण आधी सांग, माझं नाव लावताय का काढताय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर दादाने जो कागद तयार करून आणला होता, तो हक्कसोडीचाच होता. स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्कावर मी व्याख्यानं देते. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, हे प्रत्येक शिबिरात सांगते. आणि माझ्याच घरात, सोलरच्या निमित्ताने का होईना, आत्यांचं नाव निघणार होतं आणि मीच ते कागद घेऊन दारात उभी होते.

तो कागद मी परत आणला. दादाशी दोन दिवस भांडण झालं. "आत्या काय इथं राहायला येणार हाय व्हय?" हा त्याचा प्रश्न. राहायला येणार नसली तरी घर तिच्या बापाचं आहे, हे माझं उत्तर. शेवटी सगळ्या वारसांची नोंद झाली, सगळ्यांची लेखी संमती घेतली आणि वीजजोडणी आईच्या नावावर केली. यात पाच महिने गेले. पॅनेल बसायला मात्र दीड दिवस लागला.

आता हिशोब, कारण आपल्या माणसांना हिशोब सांगितल्याशिवाय पटत नाही, आणि पटूही नये. पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किलोवॅट व त्यापुढे एकूण 78,000 रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि त्यातून महिन्याला सरासरी 100 ते 120 युनिट वीज मिळते. आम्हाला 63,000 रुपये खर्च आला, त्यातले 30,000 नंतर आईच्या खात्यावर जमा झाले. घरात माणसं पाच, वापर 120 युनिटच्या आसपास, बिल महिना हजार-अकराशे यायचं. आता दोनशेच्या आसपास येतं. पावसाळ्यात थोडं वाढतं. पदरचे 33,000 तीन-साडेतीन वर्षांत फिटतील आणि पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरलं जातं.

पण कुणी "बिल शून्य" म्हणून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. स्थिर आकार भरावाच लागतो. दुसरं, बॅटरी नसलेलं साधं सोलर गावची लाईट गेली की तेही बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आईने अंगणातून वर बघत विचारलं, "ऊन तर हाय की, मग लाईट कशी गेली?" मी समजावलं, "दिवसा आपण जास्तीची वीज लाईनला देतो, रात्री लाईनकडून घेतो. नेट मीटर दोन्ही मोजतो. म्हणून लाईन पण नीट पाहिजे." वरच्या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. छपरावरच्या पॅनेलमुळे सार्वजनिक वीजयंत्रणेची गरज संपत नाही. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर यांची मागणी सोडायची नाही. उलट आता आपण ती मागणी ग्राहक म्हणून आणि वीज देणारे म्हणूनही करू शकतो.

मग त्या तरुणाचा प्रश्न उरतो. हे बंगलेवाल्यांचं काम आहे का? योजना जशी आखली आहे तशी सोडून दिली तर हो, ते त्यांचंच काम होईल. कारण तिला तीन गोष्टी लागतात, पक्कं छप्पर, नावावरचं मीटर आणि आधी खर्चायला पैसा. अनुदान नंतर येतं. ऊन जात विचारत नाही, पण अर्जाचा रकाना मालकी विचारतो. आणि मालकीच्या कागदात आपण पिढ्यानपिढ्या नव्हतो.

तरीही या तिन्ही गोष्टींवर आज काही करता येतं. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या रमाई आवास योजनेतली घरकुलं 269 चौरस फुटांची. ज्यांच्यावर स्लॅब आहे त्यांच्यावर एक किलोवॅट सहज बसतो. पैशाचं म्हणाल तर 2025 च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने महिन्याला शंभर युनिटपेक्षा कमी वापर असणाऱ्यांसाठी 'स्मार्ट' ही रूफटॉप योजना आणली. केंद्राच्या 30,000 शिवाय एका किलोवॅटला अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला राज्याचे 15,000 आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला 17,500. म्हणजे पदरचे अनुक्रमे 5,000 आणि 2,500 रुपये. एवढी रक्कम वर्षभराच्या बिलातच वसूल होते. पण जागा मर्यादित आहेत, आधी येईल त्याला आधी, आणि थकबाकी चालत नाही. कागद तयार असलेला माणूस पुढे जाणार आणि आजोबांच्या नावाचा उतारा घेऊन आपण मागे राहणार.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. जेमतेम शंभर उंबऱ्यांचं गाव. एकेका घराने आपापलं बघून गाव सौर होत नाही, गावाने एकत्र ठरवावं लागतं. गावाला जमतं ते आपल्या वस्तीला का जमू नये? प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार ठरवा. वस्तीतल्या प्रत्येक घराचं वीजबिल आणि नमुना आठ समोर ठेवा. नाव कुणाचं, वारस कोण, थकबाकी किती, याची वही करा. वारसनोंद करताना लेकी-बहिणींची नावं काढू नका, लावा. आयटीआय, वायरमन झालेल्या पोरांनी सोलरचं प्रशिक्षण घ्यावं. आज आपली पोरं पॅनेल खांद्यावर घेऊन जिना चढतात आणि ठेका दुसऱ्याच्या नावावर असतो. तेही बदलायचं आहे.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये एका मुलाचं नाव नोंदलं गेलं. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो. नाव नोंदलं जाण्याची किंमत आपल्याइतकी कुणाला माहीत असणार? शिष्यवृत्ती, गायरान आणि छप्पर हे तीन वेगळे लढे नाहीत. तिन्हीकडे प्रश्न एकच आहे, कागदावर आपलं नाव आहे का?

आईच्या नावाचं पहिलं बिल आलं तेव्हा तिने रक्कम बघितलीच नाही. नावावर बोट ठेवून मला विचारलं, "हे माझंच हाय न्हवं?" मग ते घडी घालून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलं.

बटण मात्र ती अजूनही बंद करत फिरते.

जय भीम!