'इन' की 'ऑन'?

इंग्रजी सॉफ्टवेअरच्या सूचनांमध्ये 'इन' कुठे लिहायचे आणि 'ऑन' कुठे, हे पडद्यावरच्या वस्तूकडे इंग्रजी कोणत्या नजरेने पाहते यावर ठरते. डायलॉग बॉक्स, विंडो, फील्ड, लिस्ट यांना चौकट मानले जाते. त्यांच्याआधी 'इन' येते. पेज, टॅब, टूलबार हे पृष्ठभाग, त्यांच्याआधी 'ऑन'. कमांड प्रॉम्प्ट या दोन्हींत बसत नाही. तिथे कर्सर एका जागी उभा राहून हुकमाची वाट पाहत असतो, म्हणून 'ॲट द कमांड प्रॉम्प्ट'.

डेस्कटॉपचे उदाहरण मासलेवाईक आहे. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल प्रत्यक्षात 'डेस्कटॉप' नावाच्या फोल्डरात असते. समोर दिसणाऱ्या चिन्हावरून ती उघडायची असेल तर ती 'ऑन द डेस्कटॉप'. फाइल एक्सप्लोररमधून एकेक फोल्डर उघडत तिथवर जायचे असेल तर 'इन द डेस्कटॉप फोल्डर'. फाइल तीच, जागाही तीच. वाचक कोणत्या वाटेने येतो एवढाच फरक.

मेनूबाबत एकमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या शैलीपुस्तिकेत 'ऑन द फाइल मेनू, क्लिक ओपन' अशी रचना होती, तर डेव्हलपरांसाठी लिहिणाऱ्यांना गूगलची मार्गदर्शिका 'इन' वापरायला सांगते. दोन्हींपैकी काहीही चालते. एकाच मॅन्युअलमध्ये दोन्ही मात्र नकोत. जुन्या वाक्याचा खरा गुण त्याच्या क्रमात आहे. आधी जागा, मग कृती. वाचकाची नजर मेनूवर पोहोचल्यावरच त्याला काय करायचे ते कळते. हा क्रम सांभाळला की अव्यय थोडे चुकले तरी वाचक अडत नाही.

मराठी लेखकाचा हात हमखास अडखळतो तो 'क्लिक'पाशी. मराठीत बटणावरच क्लिक करतात, त्यामुळे इंग्रजीत 'क्लिक ऑन' आपसूक उमटते. बोलीत ते चालते, इंग्रजी माणसेही तसे बोलतात. पण मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या दोघांच्याही शैलीत 'ऑन' गाळून थेट बटणाचे नाव येते. 'क्लिक इन' मात्र काही ठिकाणी लागते. विंडोच्या मोकळ्या भागात कुठेही क्लिक करायचे असेल तेव्हा तेच योग्य.

'साइन इन टू'मधला 'इन' क्रियापदाचा भाग आहे आणि 'टू' पुढच्या नामाचा, म्हणून ते दोन शब्द जोडून 'इन्टू' करू नये. विंडोजमध्ये पूर्वी 'लॉग ऑन' असे; 2012 च्या विंडोज 8 पासून 'साइन इन' रुळले. जुने मॅन्युअल नव्याने करताना 'ऑन टू'चे अवशेष शोधून काढावे लागतात, आणि एखादा तरी निसटतोच.

संपादकांच्या चर्चेत सगळा वेळ 'इन' आणि 'ऑन' खातात, पण खरे नुकसान करणारी अव्यये वेगळीच आहेत. टाइमआउट सध्या 30 सेकंदांचा आहे असे धरू. 'इन्क्रीज द टाइमआउट टू 60' म्हटले तर तो 60 होतो. 'बाय 60' म्हटले तर 90. दोन्ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष, त्यामुळे स्पेलचेकर गप्प राहतो आणि भाषा तपासणाराही पुढे जातो. बॅकअपच्या सूचनांत 'फ्रॉम' आणि 'टू' यांची अदलाबदल त्याहून महागात पडते. कुठून घ्यायचे आणि कुठे ठेवायचे हेच उलटले, तर चांगल्या प्रतीवर बिघडलेली प्रत चढते आणि परत आणायला काही उरत नाही.

तेव्हा मजकूर तपासायला वेळ थोडा असेल, तर 'इन' आणि 'ऑन' शैलीपुस्तिकेतल्या तक्त्यावर सोडावेत, आणि 'टू', 'बाय', 'फ्रॉम' असलेली प्रत्येक सूचना सॉफ्टवेअर उघडून स्वतः करून पाहावी.