दहांच्या पंगतीत अठरा पाट

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. कॉलेजची पटांगणे मी पाहिली ती कुंपणाबाहेरून. अशा माणसाने अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांविषयी लिहावे, याचे आमच्या सौभाग्यवतींना हसू येते, आणि ते त्या लपवीतही नाहीत. पण माझा भाचा तिकडे वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावी शिकतो. (हे वॉशिंग्टन राजधानीचे नव्हे, देशाच्या दुसऱ्या टोकाचे, पॅसिफिककडचे.) फोनवर तो अभ्यासाखेरीज सगळे बोलतो, आणि त्यात निम्मे बोलणे फुटबॉलचे असते. तेही पायांनी खेळायच्या फुटबॉलचे नव्हे. अंडाकृती चेंडू काखेत मारून धावायच्या.

चहूकडे गव्हाच्या टेकड्या आणि मध्ये हे गाव. वस्ती तेहेतीस हजारांच्या आसपास, आणि विद्यापीठाच्या क्रीडांगणात बसायच्या जागाही जवळजवळ तेवढ्याच! सामन्याच्या दिवशी गावात चोराला रान मोकळे असणार, असे मला नेहमी वाटते.

तिकडे विद्यापीठांचे खेळापुरते गोतावळे असतात. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. त्यांतला ‘बिग टेन’ १८९६ साली शिकागोत सात विद्यापीठांनी मांडला. पॅसिफिक किनाऱ्याचा १९१५ साली पोर्टलंड गावी जमला. कुणाला खेळू द्यायचे, कुणाला नाही, याचे नियम ठरले. खरा नियम मात्र आगगाडीनेच घालून दिला होता. शनिवारी सामना खेळून सोमवारी मुलगा वर्गात हजर पाहिजे, म्हणजे प्रतिस्पर्धी शेजारचाच हवा. अशी दरसाल भांडता भांडता तीन-तीन पिढ्या गेल्या आणि त्या भांडणांना परंपरेचा मान मिळाला.

मग दूरचित्रवाणी आली. वर्षाकाठी किती सामने दाखवायचे हे पूर्वी एकच राष्ट्रीय संस्था ठरवी. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाची विद्यापीठे तिच्याविरुद्ध कोर्टात गेली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या संस्थेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून ज्याचा माल त्याने विकावा. आणि विकायचे म्हटले की शेजारी कोण याला किंमत उरत नाही. खिडकीत दिवा किती घरांच्या लागतो, याला येते. न्यूयॉर्कच्या बाजूची घरे हवीत म्हणून २०१४ साली बिग टेनने न्यू जर्सीचे रटगर्स विद्यापीठ आपल्यात घेतले. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनकडे जायचे जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात त्या गोताचा सात वर्षांचा करार झाला, ७०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा. पुढल्या वर्षी ४ ऑगस्टला एका दिवसात पॅसिफिकचे आणखी पाच जण उठले. २०२४ च्या हंगामाला बारांपैकी दहा पाने रिकामी होती. उरले दोघे : ओरेगन स्टेट, आणि आमच्या भाच्याचे वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांची. त्यांच्याकडे खिडक्याच कमी!

नावे मात्र कुणी बदलली नाहीत. ‘बिग टेन’मध्ये आज अठरा जण बसतात. पॅसिफिकच्या वाऱ्यावर वाढलेली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गोतात गेली, तीही वाटा कमी घेऊन. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या विद्यापीठाने तर पहिली नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या पैशांतला वाटाच सोडला. पाट मांडा, वाढले नाही तरी चालेल! बर्कली आणि लॉस एंजेलिसची यूसीएलए या तर एकाच घरच्या बहिणी. थोरलीला धाकटीने दरसाल एक कोटी डॉलर द्यावेत, असे घरच्या वडीलधाऱ्यांनी २०२४ साली ठरवले. तिकडल्या वर्तमानपत्रांनी याला पोटगी म्हणून हिणवले.

हा सगळा लोभ आहे, असे म्हणून मला हात झटकता येत नाहीत. फुटबॉलच्या पैशावर पोहणारे, धावणारे, कुस्ती खेळणारे असे कितीतरी जण पोसले जातात. पण माझ्यातला मास्तर गप्प बसत नाही. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदा खेळतात. व्हॉलीबॉलच्या मुलीही त्याच करारात बांधलेल्या. त्यांनी सिएटलहून न्यू जर्सीला, चार हजार किलोमीटरांवर, अधल्यामधल्या वारी उडत जायचे आणि परत येऊन परीक्षा द्यायची. त्यांना कुणी विचारले होते?

शिवाय हरण्याचेही एक गोत असते. आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ जिल्ह्याला कुणा परक्या शाळेकडून हरला, तर एस.टी. गावात शिरेपर्यंत मुले ते विसरून गाणी म्हणू लागतात. ओढ्यापलीकडच्या शाळेकडून हरला, की आठवडाभर तोंड दाखवायला जागा नसते. कारण ज्या पोराने आमचे तिघे बाद केले, त्याची मावशी आमच्याच आळीत राहते आणि ती ते रोज पाणी भरताना सांगते. ओक्लाहोमा राज्यातली दोन मोठी विद्यापीठे १९१० पासून दरसाल अशीच भांडत होती. २०२३ साली धाकट्याने २७-२४ अशी बाजी मारली, आणि नंतर थोरला दुसऱ्या गोतात गेला. त्या पराभवाची फेड कुठे करायची?

पुलमन आणि ओरेगनचे दोघे मात्र रडत बसले नाहीत. निघालेल्यांनी घराच्या कारभारात मत देऊ नये, म्हणून ते कोर्टात गेले आणि जिंकले. एवढा वाडा दोघांच्या हाती आला. पुढे त्यांनी २०२६ च्या हंगामासाठी नवी बिऱ्हाडेही ठरवली.

सिएटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ हे पुलमनचे जुने वैरी. तेही बिग टेनमध्ये गेलेले. तरी दोघांनी आपसातला सामना चालू ठेवला. १४ सप्टेंबर २०२४ ला तो सिएटलला झाला. भाचा मित्रांबरोबर पाच तासांचा रस्ता तुडवून गेला होता. आमच्याकडे पहाटे फोन वाजला. अवेळी फोन वाजला की काळजात धस्स होतेच. मी धडपडत उचलला.

“मामा, चोवीस-एकोणीस! शेवटी रेषेपासून एका यार्डावर अडवलं त्यांना!”

पुढे नुसताच गलका ऐकू येत होता. सौभाग्यवती उठून बसल्या होत्या.

“काय झालं हो? कोण गेलं?”

“कोणी नाही. बाळ्याचं कॉलेज जिंकलं.”

“कोणाशी?”

“शेजाऱ्यांशी.”

“मग बरं झालं,” म्हणून त्या कूस बदलून पुन्हा झोपी गेल्या.