द्रोणात आलेलं रान

कोलकात्यातला फुचकावाला, म्हणजे तिथला पाणीपुरीवाला, आपल्या हातावर साल झाडाच्या पानाचा द्रोण ठेवतो. शिरा ठळक, कडेला बारीक काडी टोचलेली. चिंचेचं पाणी तळातून ठिबकायच्या आत खाऊन मोकळं व्हायचं. हे पान बाँकुडा-पुरुलियाच्या नाहीतर मयूरभंजच्या रानातून आलं असेल, याचा विचार करायला तेव्हा सवड कुणाला!

फाल्गुन-चैत्रात त्याच रानांत वणवे लागतात. पुरुलियाचा अयोध्या डोंगर पेटतो, बाँकुड्याचा शुशुनिया पेटतो. 2021 मध्ये तर मयूरभंजमधलं, काळ्या वाघांचं सिमलीपाल फेब्रुवारीअखेरपासून कित्येक दिवस धुमसत होतं. ऑस्ट्रेलियाच्या वणव्यात आदल्याच वर्षी आपण सगळ्यांनी कोआलासाठी हळहळ केली होती. सिमलीपाल तर कोलकात्याहून एका दिवसाच्या अंतरावर, तरी तेवढी हळहळ दिसली नाही.

ही आग पाचोळ्यातून सरपटते, बहुतेकदा गुडघाभरच. म्हणून तिचे फोटो फारसे भीतीदायक येत नाहीत. जुना साल बुंध्याशी काळवंडून उभा राहतो. जातात ती त्याची वीतभर रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे, कासवं. पुढच्या पावसात उघडी पडलेली माती ओढ्याला लागते.

मोह वेचणारे झाडाखालचा पाचोळा जाळतात, पहाटे गळलेली फुलं दिसावीत म्हणून. मेळघाट-गडचिरोलीतही हेच चालतं. त्यामुळे सगळं खापर आदिवासींवर फोडून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. रान जळलं की पानं आणि सरपण आधी त्यांचंच जातं. आणि पुरुलियाचा पळस बघायला हावड्याहून रात्रीची चक्रधरपूर गाडी भरून जाणाऱ्यांच्या पेटत्या थोटकांचा हिशेब कोण ठेवतं?

इकडे कोलकात्यात गरियाहाटला चैत्र सेलची झुंबड असते, घामाने सदरे अंगाला चिकटतात आणि सगळं शहर कालबैसाखीच्या वादळी पावसाची वाट बघतं. पहिला गार झोत आला की लोक गच्चीवर धावतात. डोंगरात ओल्या फांद्यांनी आग झोडपणारा वनमजूर त्याच वादळाकडे धास्तावून बघत असतो. पाऊस आला तर सुटका. नुसता वारा सुटला तर आग अडवायला काढलेली जाळरेषा ओलांडून ती पलीकडच्या उतारावर जाते.

पळसाच्या दिवसांत पुरुलियाला जाणार असाल तर खुशाल जा. काडेपेटी मात्र घरी ठेवा, आणि झाडीत धूर दिसला तर आधी वनखात्याच्या चौकीला कळवा. फोटो नंतर काढता येतील.