टोल परत मिळाला

फ्लोरिडाहून येऊन बरेच दिवस झाले, तरी त्या डब्याचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. घरात आता तो विषय काढायला बंदी आहे. म्हणून इथे काढतो.

आधीचं थोडक्यात सांगतो. मुलगा न्यू जर्सीला असतो. आम्ही दोघं नाताळच्या सुमारास त्याच्याकडे गेलो होतो, कारण नातवाला शाळेची सुट्टी तेव्हाच असते. बर्फाची हौस लवकर फिटली. हिचे गुडघे थंडीने आखडले. मग सूनबाईने फ्लोरिडाचं काढलं. तिकडे डिसेंबरात ऊन असतं, डास कमी असतात आणि जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम संपलेला असतो. ही गोष्ट अर्थातच सगळ्या अमेरिकेला ठाऊक आहे, त्यामुळे नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत तिथले हॉटेलवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात.

सूनबाईने संगणकावर एक तक्ता केला आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? नातवाला रॉकेट आणि डिस्नी. मुलाला की वेस्ट. तिला स्वतःला एव्हरग्लेड्सच्या मगरी. ही म्हणाली, जिथे फार चालायला नको आणि बाथरूम स्वच्छ असेल तिथे कुठेही. मी म्हटलं, सेंट ऑगस्टीनचा किल्ला. त्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, ते उलट्या दिशेला आहे."

उलट्या दिशेला होतं हे खरं. ऑर्लँडोपासून उत्तरेला शंभरेक मैल, आणि बाकी सगळं दक्षिणेला. नकाशावर फ्लोरिडा म्हणजे अमेरिकेला खाली फुटलेलं एक बोट दिसतं, पण वायव्येच्या पेन्साकोलाहून की वेस्टला जायचं तर आठशे मैलांहून जास्त गाडी हाकावी लागते. म्हणजे मुंबईहून नागपूर गाठून परत अकोल्याच्याही पुढे यायचं. पेन्साकोलाकडे तर घड्याळसुद्धा एक तास मागे असतं. मायामीहून की वेस्ट एकशे साठ मैल आहे. मुलाने तक्त्यात त्याच्यापुढे "सकाळी जाऊन संध्याकाळी परत" असं लिहिलं होतं. बेटाबेटांवरून जाणारा, बराचसा एकपदरी रस्ता, एका दिशेला चार तास. मी काही बोललो नाही. हिने तो रकाना बघितला आणि शांतपणे विचारलं, "आणि मी मध्ये कुठे उतरायचं?" एक मुक्काम वाढला.

मी मालवणचा. किल्ल्याचा हट्ट त्यामुळे सोडणार नव्हतो. सिंधुदुर्गाचं काम १६६४ साली सुरू झालं आणि सेंट ऑगस्टीनच्या कास्तियो दे सान मार्कोसचं १६७२ साली. इकडे शिवाजीमहाराज समुद्रात किल्ला बांधत होते, त्याच सुमारास तिकडे स्पॅनिश लोक अटलांटिकच्या काठी बांधत होते. दगड म्हणजे कोकिना, शिंपल्यांचा चुरा वर्षानुवर्षं दाबला जाऊन झालेला. हात लावला तर शिंपल्यांचे तुकडे बोटांना लागतात. इतका भुसभुशीत दगड तोफेपुढे काय टिकणार असं वाटतं, पण तोफगोळा लागला की तो फुटत नाही, गोळा आत रुतून बसतो. १७०२ साली इंग्रजांनी वेढा घातला, गाव जाळलं, पण किल्ला मिळाला नाही. मला तिथे अर्धा दिवस दिला गेला होता. मी तो पुरेपूर वापरला आणि नातवाला तिथल्या तोफा दाखवताना सिंधुदुर्गच जास्त सांगितला. तो कंटाळला असणार. डिस्नीबद्दल मी लिहीत नाही, त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय.

आता डबा.

विमानतळावर गाडी भाड्याने घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, नाव घेऊन उपयोगही नाही, ऐकतो तर सगळ्यांच्या तऱ्हा सारख्याच. फ्लोरिडात टोलचे रस्ते पुष्कळ आणि अनेक ठिकाणी नाका म्हणून काही नसतोच. रस्त्यावर लोखंडी कमान, तिच्यावर कॅमेरे, खालून गाडी सुसाट जाते, पैसे कापले जातात. मुलाकडे न्यू जर्सीचा ई-झीपास आहे, म्हणजे आपल्या फास्टॅगसारखा टोल कापणारा छोटा डबा. तो २०२१ पासून फ्लोरिडातही चालतो, म्हणून त्याने घरातला डबा सोबत आणला होता आणि भाड्याच्या गाडीचा नंबर आपल्या खात्यात घातला होता. माझ्या मुलाची ही तयारी बघून मला बरं वाटलं. बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा मुलगा शोभला.

पण गाडीच्या काचेला कंपनीचाही एक डबा होता. त्याला सरकतं झाकण. झाकण बंद तर डबा झोपलेला, उघडं तर जागा. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, बंद ठेवा म्हणजे काही लागणार नाही. मुलाने समोरच ते खटकन बंद केलं. मी पाहिलंय.

केनेडी स्पेस सेंटर झालं. ज्या ३९ए तळावरून १९६९ च्या जुलैत अपोलो ११ उडालं तो लांबून बघितला, अटलांटिस यान जवळून बघितलं, नातू अर्धा तास बोलला नाही, हे विशेष. मग दक्षिणेला होमस्टेडकडे निघालो. होमस्टेडच्या जरा अलीकडे माझं सहज वर लक्ष गेलं तर ते झाकण अर्धं खाली लोंबत होतं. खिळखिळं झालेलं. रस्त्याच्या हादऱ्यानेच सरकलं असणार. मी हाताने दाबून बंद केलं. तेवढ्यात एक कमान गेली होती. एक.

दुसऱ्या दिवशी एव्हरग्लेड्स. रॉयल पामच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, तर तिथे ताडपत्र्या ठेवलेल्या आणि हुक लावलेल्या रबरी दोऱ्या. पाटी होती की गिधाडांपासून गाडी झाका. तिथली काळी गिधाडं वायपरचं रबर आणि खिडक्यांच्या कडेचं रबर सोलून काढतात. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडं संपवली, आमच्या लहानपणी गावाबाहेर दिसणारी आता दिसत नाहीत, आणि इथे ती गाड्यांच्या टपांवर बसून रबर खातायत! मी आणि मुलाने मिळून, पावसाआधी कांद्याच्या ढिगावर ताडपत्री टाकतात तशी त्या गाडीवर टाकली, चारी बाजूंनी दोऱ्या ओढून बांधल्या, खाली वाकून हुक अडकवले. परक्याची गाडी, जपायला हवी. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढचं वाचताना लक्षात ठेवा.

तिथली पायवाट मात्र काय सांगू. अनहिंगा नावाचा पक्षी पाण्यात बुडी मारतो, पण त्याची पिसं भिजतात, म्हणून बाहेर येऊन पंख पसरून उन्हात वाळवत बसतो. आम्ही कठड्याशी उभे, तो हातभर अंतरावर, मान लांब करून एक एक पीस चोचीतून ओढून साफ करतोय. खाली मगर पडलेली, ओंडक्यासारखी नव्हे, मगरीसारखीच, डोळा उघडा. हिला तिथे बाकावर बसवून आम्ही पुढे जाणार होतो, पण तीच म्हणाली तुम्ही बसा, मी बघून येते. गुडघ्यांचं नाव नाही.

की वेस्टच्या वाटेवर सात मैलांचा पूल आहे. शेजारी जुना पूल दिसतो, तो हेन्री फ्लॅगलरच्या रेल्वेचा. १९१२ साली गाडी की वेस्टला पोचली, १९३५ च्या वादळाने मार्ग उद्ध्वस्त केला, रेल्वेने तो सरकारला विकला आणि त्यावर १९३८ साली मोटाररस्ता झाला. क्युबा तिथून नव्वद मैलांवर. तिथे गाडी लावायलाच इतके डॉलर गेले की रुपयांत हिशोब करायचा नाही असं मला बजावण्यात आलं. पण ते पैसे गेल्याचं मला काही वाटलं नाही. पाटीवर लिहिलं होतं, वाचलं, दिले.

घरी परतल्यावर काही आठवड्यांनी मुलाच्या कार्डावर कंपनीने पैसे कापले. मुलाच्या लक्षातही आलं नसतं. स्टेटमेंट मी बघतो, जुनी खोड. त्या एका कमानीचे पावणेदोन डॉलर, आणि डबा वापरल्याबद्दल रोजचा आकार, गाडी घेतल्यापासून परत देईपर्यंत सगळ्या दिवसांचा. ज्या दिवशी गाडी डिस्नीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती त्या दिवसाचासुद्धा. एकूण चाळीस डॉलरच्या आसपास.

मुलगा म्हणाला, "बाबा, सोडा हो. माझा एक तास याहून महाग आहे."

मी म्हटलं, "मग माझा घे. माझा फुकट आहे."

करारावर माझं नाव नव्हतं, त्यामुळे माझ्याशी कुणी बोलेना. दर वेळी मुलाने आधी "हो, मी यांना बोलायची परवानगी देतो" असं म्हणायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि आपल्या खोलीत कामाला जायचं. गाडीवाल्यांनी टोल बघणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे पाठवलं. तिने परत गाडीवाल्यांकडे. माझ्याकडे पुरावा होता: आमच्या ई-झीपासच्या खात्यात तीच कमान, तीच तारीख, तीच वेळ, पैसे कापलेले. एकाच गाडीचा एकच टोल दोनदा गेला होता. फोनवरची बाई अतिशय गोड. तिने सगळं ऐकून घेतलं, कागद मागवले, आठवड्याने कळवलं की तुमचं म्हणणं बरोबर आहे.

आणि पावणेदोन डॉलर परत केले.

रोजचा आकार? तो नाही. का, तर डबा वापरला गेला. मी म्हटलं, अहो, टोल आमच्या डब्यातून भरला गेला हे तुम्हीच मान्य केलंत, म्हणून तर परत दिलात. मग तुमच्या डब्याचा वापर कसा झाला? ती म्हणाली, टोल परत केला आहे, पण डबा वाचला गेला ही घटना झालेली आहे. झाकण सैल होतं म्हटलं, तर बंद ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी. गाडी परत देताना झाकण सैल असल्याची तक्रार नोंदवली होती का? नव्हती. आम्ही त्यांचं रबर गिधाडांपासून वाचवत होतो! हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "थँक यू फॉर दॅट."

ही म्हणते, तुम्हीसुद्धा बँकेत मिनिमम बॅलन्सचे पैसे कापत होता, आणि लोक काउंटरवर येऊन भांडायचे तेव्हा असंच गोड बोलायचात. मी म्हणतो, आमच्याकडे तो आकार बोर्डावर लावलेला असायचा. ती म्हणते, बोर्ड कपाटाच्या मागे होता. यावर मी काही बोलत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या कमानीखालून न थांबता गाडी गेली तेव्हा मी मुलाला म्हटलं होतं, व्वा, याला म्हणतात रस्ता. खालापूरच्या नाक्यावर फास्टॅग असूनही तासभर रांगेत काढलेत मी. पण तिथे खिडकीत माणूस असतो. त्याला हाक मारता येते, साहेबांना बोलवा म्हणता येतं, मागचे हॉर्न वाजवत असले तरी आपण हटत नाही. इथे भांडायचं कुणाशी? कमानीशी?

तरी सूनबाईचा तक्ता उत्तम होता, एवढं म्हणतो. सगळ्यांच्या मनासारखं झालं, हिच्याही. पुन्हा जायचं ठरलं तर मी एका पायावर तयार आहे.

तुम्ही जाणार असाल तर स्वतःचा ई-झीपास न्या, किंवा तिथे पोचल्यावर फ्लोरिडाचा सनपास घ्या, तो पब्लिक्ससारख्या किराणा दुकानांतही मिळतो. गाडीचा नंबर आपल्या खात्यात घाला आणि गाडी परत केल्याबरोबर काढून टाका, नाहीतर पुढच्या माणसाचा टोलही तुम्हीच भराल. कंपनीच्या डब्याचं झाकण गाडी ताब्यात घेतानाच हलवून बघा. सैल असेल तर तिथेच लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. मागे रांग असली तरी काढा.