वाइंडिंग-अप चार्जेस

बोफोर्स हे एका कंपनीचं नाव आहे हे आमच्या घरात बरीच वर्षं कुणाच्या गावीही नव्हतं. बोफोर्स म्हणजे घोटाळा, बस्स. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडनच्या रेडिओवर ती बातमी आली आणि पुढची दोन-अडीच वर्षं घरी, दारी, पीएमटीच्या बसमध्ये, वाण्याच्या दुकानात एकच प्रश्न, पैसे खाल्ले कोणी? पुढे तर कुणी लग्नातल्या जेवणाचा हिशोब नीट दिला नाही तरी "काय रे, बोफोर्स केलंस का?" असं विचारायचे लोक.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात नुकतीच अकाउंट्सला लागले होते. व्हाउचरं लिहायची, बिलं टाचायची, लेजरला चढवायची. आमचे हेडक्लार्क फार बोलायचे नाहीत, राजकारणावर तर अजिबातच नाही. पण बोफोर्सची माणसं संसदीय समितीपुढे साक्ष देऊन गेली त्या सुमाराला त्यांनी पेपर घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कोणी खाल्ले ते राहू दे. खर्च कुठल्या नावाने टाकलाय ते बघ."

नाव होतं 'वाइंडिंग-अप चार्जेस'.

मंडळी, मला या लेखात त्या नावाबद्दलच बोलायचं आहे. तरुण वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. २४ मार्च १९८६ ला भारत सरकारने बोफोर्सशी १५५ मिमीच्या ४०० तोफांचा करार केला, साधारण १४३७ कोटी रुपयांचा. या व्यवहारात कुणी दलाल नको, हे सरकारने स्पर्धेतल्या सगळ्या कंपन्यांना १९८५ मध्येच बजावलं होतं. बोफोर्सने १० मार्च १९८६ च्या पत्रात लिहून दिलं की आमचा या कामासाठी कुणी एजंट नाही. दिल्लीतली एक कंपनी आहे, पण ती फक्त हॉटेलचं बुकिंग, पत्रांची ने-आण असली किरकोळ कामं बघते. रेडिओच्या बातमीनंतर जूनमध्ये स्वीडनच्या ऑडिट खात्याने सांगितलं की पैसे दिले गेलेत. मग बोफोर्सची बाजू अशी आली: आमचे पूर्वीपासून एजंट होते, भारताने नको म्हटल्यावर आम्ही त्यांचे करार गुंडाळले आणि ते गुंडाळण्यापोटी नुकसानभरपाई दिली. सगळी मिळून सुमारे ३२ कोटी स्वीडिश क्रोनर. आपल्याकडे ज्याला '६४ कोटी' म्हणतात ते हेच. आणि आपल्या संसदीय समितीने १९८८ च्या अहवालात ही बाजू मान्यही करून टाकली! (विरोधी पक्षांनी त्या समितीवर बहिष्कार घातला होता, हेही सांगायला हवं.)

आता अकाउंट्सवाल्या बाईच्या नजरेने बघा. ज्यांना पैसे गेले त्यात ए. ई. सर्व्हिसेस नावाची इंग्लंडमधली एक छोटीशी कंपनी होती. तिच्याशी बोफोर्सने करार केला १५ नोव्हेंबर १९८५ ला. म्हणजे 'दलाल नकोत' असं बजावून झाल्यावर! जे गुंडाळायचं ते आधी नव्याने पसरलं कशाला? अट काय, तर ३१ मार्च १९८६ च्या आत ऑर्डर मिळाली तर किमतीच्या ३ टक्के. ऑर्डर मिळाली २४ मार्चला, मुदत संपायला आठवडा असताना.

आणि मला सर्वांत आवडलेला (आवडलेला म्हणजे काय, तुम्ही समजून घ्या) आकडा पुढेच आहे. करार होता ८४१ कोटी क्रोनरचा. भारताने आगाऊ दिले २० टक्के, म्हणजे १६८ कोटी २० लाख. त्याचे ३ टक्के काढा. ५ कोटी ४ लाख ६० हजार. सप्टेंबर १९८६ मध्ये ए. ई. सर्व्हिसेसला जी रक्कम गेली ती हीच, शे-दोनशेचा नाही पण चार-पाच हजारांचा फरक. डॉलरमध्ये सुमारे ७३ लाख.

नुकसानभरपाई अशी टक्क्याला टक्का जुळून येत नाही हो. भरपाईत घासाघीस असते, वकील असतात, शेवटी कुठेतरी मध्यावर गोल आकडा ठरतो. आगाऊ आलेल्या रकमेवर बरोबर ३ टक्के निघतात तेव्हा त्याला आमच्या भाषेत कमिशन म्हणतात, मग व्हाउचरवर नॅरेशन काहीही असो. हे मी एकटी म्हणत नाही. आपल्या इन्कम टॅक्सच्या अपिलीय न्यायाधिकरणानेही २०११ च्या जानेवारीत बाहेर आलेल्या निकालात विन चढ्ढा आणि ओत्ताविओ क्वात्रोकी यांना एकूण ४१ कोटी रुपये कमिशन गेलं, असंच म्हटलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी दिल्लीच्या कोर्टाने क्वात्रोकीला फौजदारी खटल्यातून मुक्त केलं, कारण सीबीआयनेच खटला मागे घ्यायची परवानगी मागितली होती. चढ्ढा २००१ मध्येच गेला होता, क्वात्रोकी २०१३ मध्ये गेला. राजीव गांधींवरचे लाचेचे आरोप तर दिल्ली हायकोर्टाने २००४ मध्येच रद्द केले होते. असो. त्या बाजूची चर्चा आपण सगळ्यांनी पोटभर केली आहे.

मला छळतो तो दुसराच प्रश्न. 'कोणी खाल्ले' हे विचारताना 'कोणी दिले' हे आपण विचारलंच नाही. देणारी माणसं आकाशातून पडलेली नव्हती. कार्लस्कूगा नावाच्या छोट्या गावातल्या कारखान्यात कुणीतरी तो ३ टक्क्यांचा करार टाइप केला असेल. कुणीतरी २० टक्क्यांवर ३ टक्के काढून दिले असतील. कुणीतरी वरिष्ठाला विचारलं असेल, "साहेब, कुठल्या हेडला टाकू?" आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून ते सभ्य नाव निघालं असेल. ही सगळी माणसं माझ्यासारखी. डबा घेऊन ऑफिसला जाणारी.

तीस वर्षांत मी अशी नावं काय थोडी पाहिली? 'स्टाफ वेल्फेअर', 'किरकोळ खर्च', 'पूजा खर्च', 'लायझनिंग', आणि सगळ्यांचा बाप म्हणजे 'सस्पेन्स'. इन्स्पेक्टरला दिवाळीला काय पोचलं हे कुठल्याही लेजरात सापडायचं नाही. पण ज्या महिन्यात इन्स्पेक्टर येऊन जाई त्या महिन्यात 'चहापाणी' एकदम फुगलेलं असायचं. नाव ठेवलं की काम सोपं होतं. 'लाच' असं लिहिलेल्या व्हाउचरवर कोण सही करेल? 'वाइंडिंग-अप'वर कुणीही करतो.

हे सगळं आत्ताच का आठवलं, ते सांगते. माझा भाचा पंप बनवणाऱ्या एका कंपनीत निर्यात विभागात आहे. (ओळखणारे ओळखतील, नाव कृपया कुणी घेऊ नका.) मध्यंतरी रात्री साडेदहाला त्याचा फोन. "मावशी, झोपलीस का?" परदेशातलं सरकारी टेंडर, तिथल्या एका एजंटशी करार, ऑर्डर मिळाली तर ४ टक्के 'सक्सेस फी', आणि पैसे जाणार तिसऱ्याच देशातल्या बँकेत. सेवेचं वर्णन: 'मार्केट सपोर्ट'. त्या नोटवर त्याची छोटी सही हवी होती. "सगळेच करतात असं म्हणतात गं. आपले पंप चांगलेच आहेत. तिथल्या लोकांना पाणीच मिळणार आहे ना?"

मी त्याला करू नकोस म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, की हा माणूस नक्की काय काम करणार ते एका कागदावर लिहून मागव. त्याने मेल केला. उत्तर मेलवर आलंच नाही, फोनवर आलं! त्याने सही केली नाही. मग ती फाइल शेजारच्या टेबलावर गेली, तिथे दुपारपर्यंत सही झाली, आणि एप्रिलच्या अप्रेझलमध्ये आमच्या चिरंजीवांना 'टीम स्पिरिट'मध्ये शेरा मिळाला. तेव्हापासून ताई माझ्याशी धड बोलत नाही. "फ्लॅटचे हप्ते तू भरणार आहेस का?" असं ती एकदा म्हणाली. हप्त्याचा आकडा मला माहीत आहे, त्यामुळे मी गप्प बसले.

पण 'आपले पंप चांगले आहेत' हे वाक्य डोक्यातून जाईना. बोफोर्सबद्दलही आपण अगदी हेच म्हणतो. तोफ चांगली होती ना! होतीच. एकापाठोपाठ तीन गोळे टाकायचे आणि शत्रूचं उत्तर यायच्या आत स्वतःच्या इंजिनावर जागा बदलायची, ही तिची खासियत, आणि १९८६ च्या फेब्रुवारीत लष्कराने फ्रेंच तोफेऐवजी तिला पसंती दिली त्याचं एक मोठं कारण हेच सांगितलं जातं. १९९९ मध्ये द्रासच्या शिखरांवर तिने काय काम केलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. माझा थोरला दीर सैन्यात होता, तो तर या तोफेविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायचा नाही. बरोबर आहे त्याचं.

मग इतकी चांगली तोफ विकायला ३१ मार्चची मुदत घातलेले ३ टक्के कशाला लागले? आणि त्या पैशांची किंमत शेवटी कोणी भरली? कंपनीशी व्यवहार थांबले, सुटे भाग मिळेनात, तेव्हा एका तोफेचे भाग काढून दुसरी चालवायची वेळ आली ती आपल्या सैनिकांवर. पुढची सही करायला दिल्लीत कुणी धजेना. अमेरिकेच्या नव्या १५५ मिमी तोफा यायला २०१७ उजाडलं. करारात तंत्रज्ञानाची कागदपत्रं मिळाली होती, ती वर्षानुवर्षं पडून राहिली; त्यांच्या आधारे जबलपूरला बनलेली 'धनुष' सैन्याच्या हाती पडली २०१९ मध्ये. तेहेतीस वर्षं! चांगल्या मालाचं असं नुकसान वाईट मालानेसुद्धा केलं नसतं.

आणि देणाऱ्याचं काय झालं? स्वीडनच्या सरकारी वकिलाने जानेवारी १९८८ मध्येच भारताच्या प्रकरणाचा तपास बंद केला. आपल्याकडे १९९९ च्या आरोपपत्रात कंपनीचं नाव होतं, ते २००५ मध्ये हायकोर्टाने रद्द केलं. कंपनीचे त्यावेळचे प्रमुख मार्टिन आर्डबो २००४ मध्ये वारले, भारतातल्या कोर्टाची पायरी न चढता. त्या काळाची रीतच तशी होती म्हणा. जर्मनीत तर १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच चक्क खर्च म्हणून दाखवून टॅक्समधून वजावट मिळायची! आपल्या कायद्यातही लाच देणाऱ्या कंपनीला थेट जबाबदार धरणारं कलम आलं ते २०१८ च्या दुरुस्तीने.

पण त्याच कार्लस्कूगात एक इंगवार ब्रॅट होता. बोफोर्समध्ये इंजिनिअर. कंपनीची क्षेपणास्त्रं बंदी असलेल्या दुबई आणि बहारीनला सिंगापूरमार्गे चोरून गेली, याचे कागद त्याने तिथल्या शांतता संघटनेला दिले. तोफांच्या भानगडीशी त्याचा संबंध नाही, पण कंपनी तीच आणि कागद सजवायची पद्धतही तीच. पोलीस तपास सुरू झाला आणि १९८९ मध्ये आर्डबोंसह माजी अधिकारी दोषी ठरले. भारताच्या तोफांच्या संदर्भात गाजलेली आर्डबोंची डायरी पोलिसांच्या हाती लागली ती याच तपासाच्या ओघात. पुढे स्टेन लिंडस्ट्रॉम या पोलीस अधिकाऱ्याने भारताच्या व्यवहाराचे कागद चित्रा सुब्रमण्यम यांना दिले आणि ते आपल्या पेपरांत छापून आले. लिंडस्ट्रॉमचं नाव उघड व्हायला २०१२ उजाडलं. म्हणजे पंचवीस वर्षं तो माणूस गप्प बसला होता.

ब्रॅट मात्र स्वतःच पुढे आला. स्वीडनमध्ये १९९० मध्ये व्यापारी गुपितांच्या रक्षणाचा कायदा झाला, नोकरांनी कंपनीची गुपितं बाहेर फोडू नयेत म्हणून. त्याला लोक 'लेक्स ब्रॅट' म्हणतात, ब्रॅटचा कायदा. २०१८ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, पण त्यात एक सवलत होती: गंभीर गुन्हा उघड करण्यासाठी गुपित सांगितलं तर तो भंग धरत नसत. हे मी भाच्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "मावशी, माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये तेवढी ओळ नाहीये."

तो नोकरी शोधतोय. निर्यातीतच, त्याला ते काम आवडतं. ताई, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. रविवारी त्याला घेऊन जेवायला ये. हप्त्यांचंही बोलू, मी वही काढून ठेवते.