शिवराईवरचं अर्धं अक्षर

चिंचेचा कोळ तांब्याची कळशी लखलखीत करतो; शिवराई या तांब्याच्या नाण्यावर मात्र तो उरलंसुरलं अक्षरही ठेवत नाही. आमच्या खांदा कॉलनीत शेजारीपाजारी गावच्या शेतात मिळालेलं नाणं दाखवायला येतात आणि हमखास विचारतात, "काका, घासून आणू का?" नको. मातीसकट आणा.

आधी वजन, मग व्यास, मग दोन्ही बाजूंचे फोटो, दिवा आडवा ठेवून. तिरक्या उजेडात गुळगुळीत वाटणाऱ्या तांब्यावरही एखादी वेलांटी उठून दिसते.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति'. हे पाठ असणंच नोंद करताना नडतं. 'रा' दिसला की डोळा उरलेलं आपणच वाचून घेतो. पण ठशांवर शिव, शीव, सिव, सीव अशी निरनिराळी रूपं सापडतात, आणि त्यांवरूनच ठसे वेगळे काढता येतात. झिजलेल्या जागी मी सवयीने 'शि' लिहिलं, तर तो ठसा भलत्याच गटात जाऊन बसेल. म्हणून दिसतं तेवढंच लिहायचं. अंदाज चौकटी कंसात.

मोडतोडही वाचावी लागते. ठशापेक्षा चकती लहान असली की कडेची अक्षरं टांकसाळीतच बाहेर राहत. ते नुकसान नव्हे. भोकाची कड एका बाजूला घासून गुळगुळीत झाली असेल, तर ते नाणं बराच काळ दोऱ्यात ओवलेलं होतं. कुदळीचा ताजा घाव तांबूस चमकतो, जुन्या चिरेत हिरवा थर उतरलेला असतो. घट्ट गर्द हिरव्या थराला मी हात लावत नाही. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर मात्र आत क्षार आहेत. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते तांबं पोखरत राहतात. असं नाणं वेगळ्या हवाबंद डबीत, सिलिका जेलसोबत ठेवतो.

हल्ली मेटल डिटेक्टर घेऊन गडांवर खणायला जाण्याच्या गोष्टी कानावर येतात. त्याचा मला मनापासून राग येतो. संरक्षित गडावर असं खणणं गुन्हा आहेच, शिवाय नाणं कोणत्या थरात, कशाशेजारी होतं, हे त्या खड्ड्यातच संपतं. स्वतःच्या शेतात सापडलं तरी १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तो अर्ज लिहायला मी सोबत बसतो, आणि गाव, गट क्रमांक, खोली हे रकाने आधी भरून घेतो.