एकाच बिंदूकडे

घर सोडल्यावाचून प्रवास घडत नाही, असे आपण मानतो. अमेरिकेतील अनेक कुटुंबांनी मात्र यातून एक वेगळी वाट काढली आहे. ती प्रवासाला निघतात ती घर बरोबर घेऊनच. मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेले हे घर बाहेरून मोठ्या बसगाडीसारखे दिसते. आत मात्र निजण्याची जागा, स्वयंपाकाची शेगडी, भांडी धुण्याची मोरी अशी सारी सोय असते. तिकडे या वाहनाला ‘आरव्ही’ म्हणतात. आपण त्याला फिरते घर म्हणू. आज डोंगराच्या पायथ्याशी, उद्या सरोवराच्या काठी, परवा वाळवंटाच्या कडेला असा त्याचा मुक्काम असतो.

घर आले की घरच्या सवयीही मागोमाग येतात. म्हणून अशा कित्येक गाड्यांत एक घडीची तिवई, तारेचे एक वेटोळे आणि थाळीसारखी एक खोलगट छत्री ठेवलेली आढळते. मुक्कामावर पोहोचल्यावर ही छत्री आकाशाकडे रोखली की आतल्या दूरदर्शन संचावर चित्रे उमटू लागतात. इतक्या दूर रानात येऊन दूरदर्शनच पाहायचे, तर घर सोडले कशाला, असे कोणी हसून विचारील. प्रश्न वाजवी आहे. तथापि माणूस कोणती वस्तू बरोबर नेतो यापेक्षा ती कशासाठी नेतो, हे पाहणे अधिक उद्बोधक असते.

घराच्या गच्चीवरील छत्री एकदा बसवली की वर्षानुवर्षे तशीच राहते. फिरत्या घराची गोष्ट निराळी. गाव बदलले की आकाशात पाहण्याची दिशा बदलते, आणि प्रत्येक मुक्कामावर ती नव्याने शोधावी लागते. जे शोधायचे ते डोळ्यांना दिसत नाही, ही यातली खरी अडचण! पृथ्वीच्या विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर एक कृत्रिम उपग्रह फिरत असतो. तेथून पाठवलेल्या लहरी छत्रीच्या खोलगट अंगावर आदळतात आणि तिच्यापुढे दांड्यावर बसवलेल्या लहानशा डबीत एकवटतात.

एवढ्या उंचीवरच्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी करण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात पृथ्वीही स्वतःभोवती एकदा फिरते. त्यामुळे तो आपल्या माथ्यावरच्या आकाशात खिळून राहिल्यासारखा भासतो. वास्तविक तो दर सेकंदाला सुमारे 3 किलोमीटर धावत असतो. पण पृथ्वीच्या फिरण्याशी त्याची चाल जुळलेली असल्याने त्याची जागा हलत नाही. असे तीन उपग्रह जवळजवळ साऱ्या जगाला संदेश पोहोचवू शकतील, ही कल्पना आर्थर सी. क्लार्क या इंग्रज लेखकाने 1945 साली एका लेखात मांडली. पुढे 1964 साली सोडलेल्या ‘सिन्कॉम-3’ या उपग्रहाने टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांची चित्रे प्रशांत महासागरापलीकडे अमेरिकेत पोहोचवली.

आता असे समजा की, 2012 सालच्या सप्टेंबर महिन्यात एक आजोबा आणि त्यांची बारा वर्षांची नात अशा एका फिरत्या घरातून निघाले आहेत. युटा राज्यातील मोआब गावाजवळ, कोलोरॅडो नदीच्या काठी त्यांचा मुक्काम पडला आहे. दोन्ही बाजूंना तांबड्या खडकांचे उंच कडे, मध्ये संथ वाहणारी नदी आणि काठाने वाढलेली कॉटनवुडची झाडे. आजीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे ती दूर ओहायो राज्यातील कोलंबस शहरी घरीच राहिली आहे. निघताना तिघांचा एक करार झाला होता. आजीच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजले, म्हणजे मोआबला सायंकाळचे सहा वाजले, की दोन्हीकडे बेसबॉलचा एकच सामना लावायचा. एरव्ही सामना संपला की फोनवर गप्पा होत. पण त्या दरीत फोनच्या लहरी पोहोचत नव्हत्या. आजीशी बोलता येणार नव्हते. निदान ती जे पाहत असेल ते पाहता तरी यावे, एवढीच आशा होती.

पाच वाजता दोघे कामाला लागली. छत्रीच्या जोडयंत्रात गावाचा टपाल क्रमांक घालताच पडद्यावर दोन आकडे उमटले. आजोबांची दृष्टी मंदावलेली, म्हणून नातीने ते मोठ्याने वाचले. छत्री उत्तरेपासून उजवीकडे मोजत 166 अंशांवर, म्हणजे दक्षिणेच्या किंचित पूर्वेला वळवायची आणि क्षितिजापासून 44 अंश वर उचलायची होती. पहिल्याला दिगंश म्हणतात, दुसऱ्याला उन्नतांश.

“होकायंत्र गाडीपासून लांब ने,” आजोबा म्हणाले. “गाडीचे लोखंड सुईला भुलवते. आणि एक लक्षात ठेव, इथे सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे 10 अंश पूर्वेकडे झुकते. तेव्हा होकायंत्रावर 156 अंश धर.”

नातीने तसे केले. तिवईचा खांब अगदी उभा आहे की नाही, हे तिने पाणसळ लावून पाहिले. कारण खांब तिरका असेल तर उन्नतांशाचा आकडा खोटा ठरतो. मग गाडीशेजारीच, झाडाच्या सावलीत, छत्री बसवली. पडद्यावर लहरींची ताकद दाखविणारी पट्टी मात्र रिकामीच राहिली. छत्री थोडी डावीकडे वळवली, थोडी उजवीकडे. आकडे पुन्हा तपासले. सारे बरोबर होते, आणि तरीही पट्टी रिकामी!

या कामात चूक फार महागात पडते. छत्रीचा नेम एका अंशाने चुकला, तर उपग्रहापाशी तो सुमारे साडेसहाशे किलोमीटरांनी चुकतो. त्यामुळे छत्री एका वेळी जेमतेम बोटभर सरकवायची, दोन-चार सेकंद थांबायचे, पट्टीकडे पाहायचे आणि मगच पुढे सरकवायची, अशी रीत आहे. उतावळ्या हाताला उपग्रह सापडत नाही.

सहा वाजत आले. आजोबांचे हात थकले होते. ते म्हणाले, “आज राहू दे, बाळ. आजी तिकडे सामना पाहीलच. आपण पाहिला नाही, हे तिला कळणारही नाही.”

नात क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “तिला नाही कळणार, आजोबा. पण आपल्याला कळेल ना?”

आजोबा यावर काही बोलले नाहीत. ते उठले आणि छत्रीच्या मागे जाऊन उभे राहिले. “हात लांब कर,” ते म्हणाले. “ताठ हाताची मूठ डोळ्यांपुढे धरली की ती आकाशाचे सुमारे 10 अंश झाकते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत मोज बरे.” एक, दोन, तीन, चार आणि जवळजवळ अर्धी! नातीने वर पाहिले, तर नेमक्या त्याच जागी कॉटनवुडची पानांनी गच्च भरलेली फांदी होती. लहरी खाली येत होत्या, पण ओली, हिरवी पाने त्यांना वाटेतच अडवीत होती. छत्री समोरून पाहताना ती फांदीच्या बऱ्याच खाली रोखलेली भासत होती, म्हणून तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. अशा छत्रीची डबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असते. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा पुष्कळ वर पाहत असते.

तिवई उचलून दोघांनी ती नदीकाठच्या मोकळ्या जागेत नेली. तार पुरती उलगडली तेव्हा कशीबशी पुरली. वारा सुटला होता, म्हणून तिवईच्या मध्यभागी पाण्याने भरलेला डबा टांगला. पुन्हा पाणसळ, पुन्हा होकायंत्र, पुन्हा बोटभर सरकवणे. आणि एकाएकी रिकामी पट्टी भरू लागली. आजोबांनी खिळ आवळली. आत जाऊन पाहतात तो सामन्याचा पहिला डाव संपत आला होता.

छत्री केवळ ऐकते. तिला उलट बोलता येत नाही. कोलंबसला आजी काय म्हणत होती, हे दरीत कळण्याचा काही मार्ग नव्हता. पण चेंडू उंच उडाला, तेव्हा नात म्हणाली, “आता आजीने उशीला घट्ट धरले असेल.” आणि आजोबा मान हलवून हसले. दोन दिवसांनी गाडी दरीबाहेर पडली आणि फोन लागला, तेव्हा आजीचा पहिला प्रश्न होता, “ठरल्या वेळी बसलात ना?” नातीने उत्तर दिले, “थोडा उशीर झाला, पण बसलो.” त्या उत्तरात काहीच लपवावे लागले नाही.

या गोष्टीत आणखी एक मौज दडलेली आहे. कोलंबसमधील आजीच्या घरावरची छत्री दक्षिणेच्या पश्चिमेस वळलेली होती, तर मोआबची छत्री दक्षिणेच्या पूर्वेस. दोन्ही छत्र्या शेजारी ठेवल्या असत्या तर त्या वेगवेगळ्या दिशांना पाहत आहेत, असेच कोणी म्हटले असते. परंतु दोन्हींचा रोख एकाच ठिकाणी होता: 101 अंश पश्चिम रेखांशावर, प्रशांत महासागराच्या माथ्यावर असलेल्या त्याच एका उपग्रहाकडे. ज्याची त्याची जागा वेगळी असल्यामुळे दिशा वेगळी होती, इतकेच.

आपल्या गावात सायंकाळी फिरताना घरांच्या छपरांकडे जरा पाहावे. महाराष्ट्रातील छत्र्या बहुधा दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे वळलेल्या दिसतील. आपल्याला चित्रे पाठवणारे उपग्रह तिकडे, विषुववृत्तावर आहेत. कौलारू घर असो की उंच इमारत, छत्री आपापल्या जागेवरून त्या न दिसणाऱ्या बिंदूकडे मुकाट्याने पाहत असते. तिचा रोख कोणीतरी, कधीतरी, बोटाबोटाने सरकवून अचूक जुळवलेला असतो.